बिनकाट्याची करडी

पुस्तकात तिचं नाव करडई. आमच्या तोंडी करडी. एवढं लांबलचक म्हणायला आमच्याकडे वेळ कोणाला आहे? माघ लागला की मंगरूळला जाताना एसटीच्या खिडकीतून मी तिला शोधते. मान इतकी वळवते, की शेजारी बसलेल्या बाईला वाटतं माझं कोणी मागं राहिलं. पूर्वी तिला शोधावं लागत नसे. जिथं गहू, जिथं हरभरा, तिथं धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधावर, करडीच्या दोन-तीन ओळी ठरलेल्याच. आता सोयाबीन निघालं की हरभरा पेरायचा, धुऱ्यावर विजेच्या झटक्याची तार ओढायची आणि घरी जाऊन झोपायचं, अशी शेती झाली आहे. तरी आसेगावच्या अलीकडं, नाल्याच्या वळणावर एक लांबट पट्टी दरवर्षी आधी पिवळी होते, मग केशरी, मग लाल. ती बघायला मला मान वळवावी लागत नाही. ती आमच्याच घरातली आहे. घरात कोणाची, ते सांगण्यासाठी तर हे लिहायला बसले.

यंदा विषय निघाला तो कल्याणीच्या फोनमुळं. कल्याणी माझी लेक, कॉलेजात जाते आणि उरलेला वेळ कोरियात राहते. म्हणजे तिकडच्या मालिका बघते. त्या मालिकांत सगळ्यांची कातडी नुकत्या धुतलेल्या काचेच्या पेल्यासारखी, आणि भांडतातसुद्धा हळू आवाजात. हळू आवाजातलं भांडण म्हणजे भांडण आहे का, असं मी तिला विचारते, तर ती म्हणते, "आई, तुले नाही कळत." तर त्या दिवशी अंगणात बसल्या बसल्या ही एकदम ओरडली,

"आत्या, हे पाय! हे तं आपली करडी हाय!"

आत्या म्हणजे विमल, माझी नणंद. घरात सगळे तिला इमल म्हणतात. ती सुपात लसूण निवडत होती. आम्ही दोघींनी फोनवर डोकी घातली. एक म्हातारी लोखंडी कढईत बी भाजत होती. शेजारी काचेच्या भांड्यात गरम पाणी, त्यात लाल पाकळ्या फुगत होत्या आणि पाणी सोनेरी होत होतं. बी तर शंभर टक्के आमचंच. तेच पांढरं, तेच चार कोनांचं.

"तिथं हे औषधाच्या दुकानात ठेवतात," कल्याणी सांगू लागली. "फुलं रक्तासाठी, बी हाडासाठी. लय जुनं औषध हाय त्यायचं. होंगह्वा म्हणतात."

"हुंगवा?" विमल म्हणाली. "काय हुंगवा? वास कुठी हाय त्याले?"

"हुंगवा नाही व आत्या, होंगह्वा!"

"तेच तं म्हणून राह्यली मी. मी नाही हुंगत."

आम्ही पोट धरधरून हसलो. कोरियाच्या म्हातारीला उचकी लागली असेल. पण हसता हसता माझं लक्ष विमलच्या हातांकडं गेलं. तिनं लसूण बाजूला ठेवला होता आणि ती त्या कढईतल्या हाताकडं बघत होती. म्हातारीचा हात सराईत होता, बी करपू देत नव्हता. "बाई कामाची हाय," विमल म्हणाली, आणि पुन्हा लसूण घेतला. तिच्याकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक मिळत नाही.

मी काही वैद्य नाही. तुमच्या रक्ताची नि हाडांची जबाबदारी माझ्यावर नको. पण मला मौज याची वाटली, की जिला आम्ही सात पिढ्या शेतात आत कधी घेतली नाही, धुऱ्यावरच उभी ठेवली, तिला तिकडं कोणी बरणीत घालून फडताळात जागा दिली. घर की मुर्गी दाल बराबर. आमच्याकडं करडीचं काम दोनच, घाण्यावर तेल द्यायचं आणि ढोरांना अडवायचं. त्यातलंही अडवायचं काम मोठं. ज्याला काटे आहेत त्यानं काठावर राहावं, हा आमच्याकडचा जुना न्याय.

करडीशी माझी पहिली ओळख मात्र काट्याची नाही, भाजीची आहे. दिवाळी सरली, थंडी अंगावर आली, की कोवळी पानं खुडायची. लसणाची फोडणी, थोडी मुगाची डाळ, हिरवी मिरची ठेचून, आणि ज्वारीची भाकर. चव किंचित कडसर, पण जिभेवर राहणारी. ही भाजी खायची मुदत फार थोडी. आज मऊ वाटणारं पान पुढच्या आठवड्यात हात लावू देत नाही. माझी आई म्हणायची, "लेकी आन् करडी, कवळ्या हाय तवरच लोकायच्या कामाच्या." आई हसून म्हणायची. मला तेव्हाही त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

आणि सोंगणी! पिकलेली करडी कापायची म्हणजे भल्या पहाटे जायचं. दवानं काटे नरमलेले असतात आणि बोंडं तडकत नाहीत. जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या फाडून हाताला बांधायच्या, पायाला बांधायच्या, वरून घरधन्याचा फुल बाह्यांचा सदरा घालायचा. ओळखीची बाईसुद्धा ओळखू येत नसे. ऊन चढलं, की काटे परत ताठ होत. मग कितीही पीक उभं असो, विळे खाली ठेवायचे. मालक असला म्हणून काय झालं, करडीचा वेळ करडी ठरवते. मला हे फार आवडायचं. इतर कोणत्या पिकानं शेतकऱ्याला असं 'आता पुरे' म्हटलेलं मी पाहिलं नाही.

तर ज्या हंगामाबद्दल मला सांगायचं आहे, तो काही फार जुना नाही. कल्याणी तेव्हा शाळेत होती. त्या वर्षी पोळ्याच्या आगेमागे विमल माहेरी परत आली. तिचं सासर धनजजवळच्या एका लहान वस्तीत. शेती नाही, पेरण्या आटोपल्या की सगळं घर कामासाठी बाहेर मुलुखात जाई. नवरा आजारानं गेला. मूलबाळ नव्हतं. दीर वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही मनात खलनायक उभा कराल. तो एवढंच म्हणत होता, की वहिनीनं घरात राहावं, आम्ही बाहेर गेलो की लेकरं, शेरडं आणि म्हातारीला बघावं, भाकरीला आपल्याकडं तोटा नाही. सगळं अगदी रीतसर. फक्त विमलला काय पाहिजे, ते विचारायचं राहून गेलं होतं.

विमलला काय पाहिजे होतं, ते तिनं आल्या दिवशीच सांगितलं. जेवणं झाल्यावर ती आपल्या भावासमोर, म्हणजे कल्याणीच्या बाबांसमोर, येऊन उभी राहिली.

"दादा, मले नाल्याकाठची पट्टी करू दे."

आमची शेती भाजीपाल्याची. विहिरीजवळ सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर, पालक, वांगी. त्यापुढं हरभरा. आणि पार टोकाला, नाल्याला लागून ती पट्टी. हलकी जमीन, पाणी पोचत नाही, वर नाल्यातून रोह्यांची, म्हणजे नीलगायींची वाट. तिथं सासऱ्यांच्या काळापासून करडीच पेरली जाई. कल्याणीच्या बाबांनी बराच वेळ दात कोरले. मग म्हणाले,

"एक हंगाम करून पाय. होळीपर्यंत. जमलं तं पट्टी तुही. नाही जमलं तं तुह्या दिराले मी सांगतो, घेऊन जा म्हणून. मंग रडू नको."

"नाही रडत," विमल म्हणाली.

एवढीच बोली. त्या एका लांबट, हलक्या, रोह्यांच्या वाटेवरच्या तुकड्यावर एका बाईचं पुढचं सगळं आयुष्य टांगलं गेलं, आणि कल्याणीचे बाबा पाणी पिऊन झोपायला गेले. पुरुषांना हे छान जमतं.

त्या दिवसांतली विमल आठवली की मला आजही राग येतो. तिच्यावर नाही, तिच्या गोडपणावर. सकाळी कोणाच्याही आधी उठायची. "इमल, चहा ठेव." ठेवायची. "इमल, भांडे राह्यले." घासायची. शेजारची गोदाकाकू तिला दळण घेऊन पिटाळायची, ही जायची. कोणाला नाही म्हणणं तिला ठाऊकच नव्हतं. माहेरी परत आलेल्या बाईनं जागा कमी व्यापावी, आवाज कमी करावा, कोणाच्या पायात येऊ नये, असं तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण ती ते पाठ करून आली होती. मी एकदा तिला सरळ म्हटलं, "इमल, कधी तं तोंड वाकडं कर. मले भेव वाटते तुह्यं." ती हसली आणि माझ्याच साडीला निऱ्या घालून द्यायला लागली.

आणि याच विमलनं पट्टीसाठी बिनकाट्याची करडी आणली.

तशी जात मिळते. मंगरूळच्या बाजारात कोणीतरी तिला सांगितलं, की या करडीला काटे नाहीत, पाकळ्या हातानं खुडता येतात, आणि वाळलेल्या पाकळ्या घेणारा व्यापारी वाशीमला येतो. बी वेगळं विकायचं, पाकळ्या वेगळ्या. विमलच्या दृष्टीनं हा शहाणपणा होता, आणि होताही. लहानपणी सोंगणीत तिची बोटं इतकी फुटायची, की जखमेवर भरायच्या हळदीच्या नावानंच ती रडायची. काटेच नाहीत म्हटल्यावर तिला स्वर्ग मिळाला. साऱ्या घराला आनंद झाला. कल्याणीच्या बाबांनी स्वतः पेरून दिली. गोदाकाकू म्हणाली, "बरं झालं माय, आता पट्ट्या बांधायचं काम नाही." मी म्हणाले, "आता भाजी माघापर्यंत खाऊ." आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या करडी पेरणारी एवढी शहाणी माणसं, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही, की तिथं करडी पेरत होते ती तेलासाठी नव्हे. काट्यासाठी पेरत होते. त्या काट्यांच्या भरवशावर आतला हरभरा उभा होता.

रोह्यांच्या डोक्यात मात्र लगेच आलं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी कल्याणीचे बाबा शेतातून आले ते पायताण न काढताच ओसरीवर बसले. आम्ही शेतात गेलो. नाल्याकडून आत सरळ रस्ता पडला होता. करडी गुडघ्याएवढी झाली होती, तिचे कोवळे शेंडे एका रांगेत खुडलेले, जसे आम्हीच भाजीला खुडतो तसे. आणि तिथून पुढं हरभरा. हरभऱ्यात तर त्यांनी पंगत बसवली होती. कुंपणानं शेत खाल्ल्याची म्हण साऱ्यांना माहीत आहे. आमच्याकडं आधी कुंपणच खाल्लं, शेत नंतर.

गोदाकाकूनं गावभर केलं. "रोह्यायसाठी भाजी पेरली होती म्हणते माळव्याच्या घरानं!" लोक हसले. मीही हसले असते, दुसऱ्याच्या शेतात झालं असतं तर. पण कल्याणीचे बाबा हसण्यातले नव्हते. संध्याकाळी ते म्हणाले,

"उद्या पट्टीत वखर घालतो. काट्याची करडी आता पेरून येत नाही, वेळ गेली. काही नाही तं जमीन मोकळी होईन. इमल, झालं तुह्यं."

'झालं तुह्यं' म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही कळत होतं. विमल चुलीपाशी होती. मला वाटलं ती म्हणेल, बरं दादा. तिची मान त्या 'बरं'साठी खालीसुद्धा गेली होती. पण ती उठली, हात पदराला पुसले, आणि आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिचा आवाज मोठा निघाला.

"होळीपर्यंत म्हणला होतास तू. होळी कुठी झाली?"

"अवं, राह्यलं काय तिथं?"

"मुळं राह्यले. वखर घालशीन तं मी वखरापुढं बशीन."

कल्याणीच्या बाबांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे मी तिला समजवावं. मी कणीक मळायला घेतली. इतकी मन लावून मी कधी कणीक मळली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून विमल बोरी-बाभळीच्या फांद्या तोडू लागली. नाल्याच्या पलीकडं गायरानात बोरी भरपूर. कोयत्यानं तोडायच्या, दोरानं ओढत आणायच्या, धुऱ्यावर रचायच्या, दगडानं दाबायच्या. करडीला काटे नाहीत ना, मग उसने आणायचे. मी गेले मदतीला. दोघींच्या हातांची चाळण झाली. तिचा पदर बोरीत अडकून फाटला तेव्हा तिनं बोरीला अशी एक शिवी दिली, की मी कोयता खाली ठेवून तिच्याकडं बघतच राहिले. "काय पायतं, वैनी?" ती म्हणाली. "लागलं मले!" मला इतका आनंद झाला की विचारू नका. कोणाला लागलं आणि आपल्याला आनंद झाला, असं माझ्या आयुष्यात तेवढ्या एकदाच घडलं असेल. गोदाकाकू दळणाचा डबा घेऊन धुऱ्यापाशी आली, तर विमल फांदी ओढता ओढताच म्हणाली, "काकू, आज नाही. उद्या नाही. परवा इचारा." काकूनं डबा या हातातून त्या हातात घेतला आणि गेली.

खुडलेल्या करडीचं एक असतं. शेंडा गेला की ती बाजूनं फुटते. आम्हाला हे भाजी खुडण्यामुळं माहीत होतं, पण सबंध पट्टीच्या पट्टी खुडली गेल्यावर काय होईल, ते कोणी पाहिलं नव्हतं. ज्या रोपांना पार बुडापर्यंत खाल्लं होतं ती गेली. पण जी राहिली, ती एका दांड्याच्या जागी चार-पाच फांद्या घेऊन उठली. पौष संपता संपता त्या फांद्यांच्या टोकाला बोंडं धरली. विमल रोज संध्याकाळी बोंडं बघून यायची आणि घरी काही बोलायची नाही. कल्याणीचे बाबाही आडवाटेनं तिकडून जायचे आणि घरी काही बोलायचे नाहीत. बहीण-भाऊ एकाच हाडाचे.

माघात पट्टी फुलली. सुरुवातीला पिवळी, अगदी स्वच्छ पिवळी. मग जसजशी फुलं जुनी होत, तसा त्यांना तांबूस रंग चढत जाई, आणि एकाच झाडावर तीन वयांची फुलं दिसत. पाकळ्या खुडायच्या त्या या लाल होत आलेल्या, किंचित मलूल फुलांच्या. तोपर्यंत आत बी धरलेलं असतं, त्याचं काही नुकसान होत नाही. सकाळच्या ओलाव्यात बोटं फिरवायची, पाकळ्यांचा झुबका अलगद हातात येतो. आम्ही दोघी पदराच्या ओट्यात गोळा करायचो. घरी आणून सावलीत, जुन्या पांढऱ्या चादरीवर पसरायचो. चादर आजही पिवळी आहे, कितीही धुतली तरी.

कल्याणीनं तेव्हा शाळेच्या शब्दकोशातून शोधून काढलं, की कुसुंबी रंग म्हणतात तो याच फुलाचा. कुसुंब म्हणजे करडी. मी थक्क झाले. लग्नातल्या गाण्यांतून, कहाण्यांतून कुसुंबी शब्द आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मला वाटायचं, ते कुठल्या तरी राजाच्या बागेतलं फूल असेल. आणि ते आमच्या धुऱ्यावर ढोरं अडवत उभं! एवढं नटवं नाव असून करडीनं कधी कोणाला सांगितलं नाही.

पाकळ्या खुडून खुडून बोटांना रंग चढायचा. विमलची बोटं नखांपासून पेरांपर्यंत तांबडी-केशरी झाली. एक दिवस हातपंपावर गोदाकाकूनं ते हात बघितले आणि सवयीनं बोलून गेली, "हात तं मेंदीवानी रंगले व इमल." आणि मग तिला आठवलं असावं, की विमलला मेंदी लावायची नाही. तिनं जीभ चावली. बाकीच्या बायका आपापल्या हंड्यांत बघू लागल्या. मी काही बोलणार, तोच विमलनं दोन्ही हात वर करून उन्हात धरले, उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाली, "हाव ना. चांगले दिसतात." मग हंडा डोक्यावर घेऊन चालू लागली. तिनं ते हात घासून धुतले नाहीत. हंगाम संपेपर्यंत ते तसेच होते. मला त्या दिवशी तिच्यामागं चालताना रडू आलं. का ते मी सांगू शकते. इतकी वर्षं मी त्या बाईला कशाला चांगलं म्हणताना ऐकलं होतं ते नेहमी दुसऱ्याचं. स्वतःचं काही चांगलं आहे, असं ती पहिल्यांदा म्हणाली होती.

तेवढ्यात धनजहून निरोप आला. दिराचाच. होळीला येतो, वहिनीला तयार राहायला सांगा, म्हातारीचं दुखणं वाढलं आहे. निरोप कल्याणीच्या बाबांच्या फोनवर आला होता. त्यांनी तो जसाच्या तसा सांगितला, स्वतःचा एक शब्द न घालता. विमलनं ऐकून घेतलं. त्या संध्याकाळी ती बोंडं बघायला गेली ती बऱ्याच वेळानं परत आली.

फाल्गुन लागताच सोंगणी सुरू झाली. काटे नाहीत, म्हणजे उन्हात केव्हाही कापता आली असती. पण विमल पहाटेच निघायची. मीही निघायची. सवय कोणाची मोडली आहे? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आम्ही कापत असताना धुक्यातून एक आकृती येताना दिसली. हाताला पट्ट्या, पायाला पट्ट्या, फुल बाह्यांचा सदरा, डोक्याला घट्ट बांधलेला दुपट्टा. कल्याणीचे बाबा. पूर्ण तयारीनिशी. विमलनं विळा खाली ठेवला आणि तिला हसूच आवरेना.

"दादा, काटे कुठी हायेत याले?"

ते जागच्या जागी थांबले. हाताच्या पट्ट्यांकडं बघितलं. लहानपणापासून करडी म्हटली की पट्ट्या, म्हणून झोपेतच बांधून आले होते बिचारे.

"असू दे," ते म्हणाले. "थंडी हाय."

आणि पट्ट्या न सोडताच कापायला बसले. पुढं सगळी सोंगणी ते आले. पण पट्टीबद्दल, होळीबद्दल, दिराबद्दल एक अवाक्षर नाही. मळणी झाली, बी पोत्यांत गेलं, व्यापारी पाकळ्या घेऊन गेला. भाव काय मिळाला ते मी सांगत नाही, दृष्ट लागते. एवढंच सांगते, की हसणाऱ्या लोकांनी पुढच्या आठवड्यात आडून आडून बियाण्याची चौकशी केली. पण हरभऱ्याचं नुकसान झालं होतं ते झालंच होतं, आणि ते कल्याणीच्या बाबांच्या वाट्याचं होतं. 'जमलं' म्हणजे किती जमलं, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी आडून विचारलं, सरळ विचारलं, एकदा भाजीत मीठ न घालताही विचारलं. ते म्हणाले, "होळी येऊ दे." मला तो माणूस त्या आठवड्यात अजिबात आवडला नाही.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं दीर आला. स्वच्छ सदरा, हातात लेकरांसाठी घेतलेल्या साखरगाठ्यांची पिशवी, त्यातल्या दोन कल्याणीलाही दिल्या. आम्ही त्याला अंगणात बाज टाकून दिली. कल्याणीचे बाबा खाली बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी सांभाराच्या जुड्या बांधत होते. विमलनं चहा केला, मी बशा आणल्या. सगळं कसं शांत, जणू एखाद्या लग्नाची बोलणी.

"वैनी," दीर म्हणाला, "झाला आता तुमचा हंगाम. चाला घरी. बुढी रोज तुमचं नाव घेऊन राह्यली. लेकरं इचारतात." मग तो कल्याणीच्या बाबांकडं वळला. "पाहुणे, तुमीच सांगा यायले. माहेरी किती दिवस राहावं बाईनं?"

कल्याणीच्या बाबांनी हातातली जुडी बांधून पूर्ण केली. तिच्यावर पाण्याचा हबका मारला. पुढची जुडी घेतली, तिची मुळं सारखी केली. मला वाटलं, आता उठून मीच काहीतरी बोलून टाकावं. विमल दारात उभी होती. तिचे हात बाजूला सरळ होते आणि मान ताठ.

"इमल," ते वर न बघताच म्हणाले, "येत्या सालाले पट्टीत काय पेरशीन?"

दिराच्या हातातली बशी ओठांपाशीच राहिली. विमल दारातून अंगणात उतरली.

"थे मी ठरवीन, दादा," ती म्हणाली.

कल्याणीच्या बाबांनी मान वर केली. बहिणीकडं बघितलं, चांगलं नीट बघितलं. "बरं," म्हणाले. मग जुडी टोपलीत ठेवली, ओले हात धोतराला पुसले, आणि दिराकडं वळून अगदी आदरानं विचारलं,

"पाहुणे, तुमची धनजची गाडी किती वाजता हाय?"